दिसणारा टाका

शर्ट फाटला की त्याच्यापुढे दोन-तीनच वाटा उरतात. सुती असेल तर त्याचं फडकं होतं. बरा असेल तर तो बोहारणीच्या गाठोड्यात जातो आणि बदल्यात एखादं पातेलं येतं. आवडता असेल तर ‘रफू करून आणू’ म्हणत कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहतो. घरी बसून आपणच तो नीट करावा हा विचार क्वचित मनात येतो, आणि आलाच तर लगेच मागे फिरतो, कारण आपल्याला ते बेमालूम कुठे जमणार? या शंकेत एक अट आपण न तपासता स्वीकारलेली असते, ती म्हणजे दुरुस्ती दिसता कामा नये. घरी कपडे दुरुस्त होत नाहीत याला वेळ, पैसा, कौशल्य ही कारणं आहेतच, पण त्या सगळ्यांना जड करून ठेवते ती ही लपवण्याची अट. टाका दिसू द्यायचा असं एकदा ठरलं की काम सोपं होतं, टिकाऊ होतं, आणि ते आपल्या मनासारखं देखणं करायची मोकळीक मिळते. हौसेखातर वरून केलेल्या भरतकामापेक्षा ही नक्षी वेगळी असते. ती दुरुस्तीच्या गरजेतूनच उगवते, हे इथे दाखवायचं आहे.

लपवणं किती महाग पडतं हे रफूगराच्या कामावरून कळतं. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात नजीबाबाद हे शहर रफूगरांसाठी ओळखलं जातं. तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शालींच्या दुरुस्तीचं काम करत आली आहेत. शालीला कसर लागून भोक पडलं की रफूगर आधी कडेचे तुटके धागे मोकळे करतो. मग त्याच रंगाचा, त्याच जाडीचा, त्याच पिळाचा धागा शोधतो आणि बाहेर मिळाला नाही तर त्याच शालीच्या कडेतून किंवा दुसऱ्या जुन्या शालीच्या तुकड्यातून काढतो. मग बारीक सुईने आधी उभे धागे भरायचे आणि त्यांतून एकेक आडवा धागा मूळ विणीच्या चालीने वर-खाली नेत ओवायचा. मागावर होतं ते सगळं काम बोटाच्या पेराएवढ्या जागेत सुईने पुन्हा करायचं. ही फार वरच्या दर्जाची कारागिरी आहे, तिचा मोबदला तिला मिळायलाच हवा, आणि जुन्या शालीला किंवा पैठणीला तीच शोभते. पण हीच कसोटी रोजच्या कुर्त्याला, मुलाच्या पँटला, उशीच्या अभ्र्याला लावली की दुरुस्ती कुणाच्याच आवाक्यात राहत नाही. आपण मनातल्या मनात स्वतःची तुलना त्या रफूगराशी करतो आणि सुई हातात घेण्याआधीच हरतो.

आता कापड फाटतं कसं ते पाहू, कारण दिसणारा टाका मजबूत का असतो याचं उत्तर तिथेच आहे. गुडघ्यावर फाटलेली जीन्स जवळून पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. भोकाच्या जागी पांढऱ्या दोऱ्यांची आडवी शिडी लोंबत असते आणि निळा धागा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. डेनिमच्या विणीत निळीत रंगवलेले उभे धागे तीन आडव्या धाग्यांवरून जातात आणि एकाखालून, त्यामुळे कापडाच्या वरच्या बाजूला मुख्यतः तेच असतात. घासणं त्यांच्या वाट्याला येतं. गुडघा वाकताना ताणही पायाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे त्याच धाग्यांवर पडतो. न रंगवलेले पांढरे आडवे धागे मागच्या बाजूला सुरक्षित राहतात आणि निळे झिजून तुटले की उघडे पडतात. म्हणजे भोक दिसायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून आसपासचं सगळं कापड कृश झालेलं असतं. जे भोक आपल्याला दिसतं ते त्या झिजलेल्या पट्ट्यातलं फक्त सगळ्यात दमलेलं ठिकाण. लपवायची दुरुस्ती भोकापुरतीच मर्यादित ठेवावी लागते. तिचे नवे धागे त्याच दमलेल्या कापडाला धरून राहतात आणि चार धुण्यांनंतर शेजारीच नवी चीर पडते. उघड दुरुस्तीला ही मर्यादा नाही. ती भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन बोटं पुढे, जिथे कापड अजून धट्टंकट्टं आहे तिथपर्यंत जाऊ शकते. ताण एका रेषेवर न पडता शेकडो टाक्यांत वाटला जातो.

हे प्रत्यक्ष करायचं तर आतून एक जुनं, आधी धुऊन आटलेलं सुती कापड लावायचं. नवं कोरं लावलं तर पहिल्याच धुण्यात ते आटून वरच्या कापडाला सुरकुत्या पाडतं. ठिगळाचे कोपरे गोल कापले की ते उचकटत नाहीत. मग साधा धावदोरा घ्यायचा, तोच जो लहानपणी पहिल्यांदा शिकवतात, आणि ओळीमागून ओळ घालत जायचं. जीन्सच्या गुडघ्यावर ओळी उभ्या घालाव्यात, कारण उभेच धागे गेलेले आहेत. प्रत्येक ओळीच्या टोकाला दोरा किंचित सैल सोडायचा, नाहीतर कापड चुण्या धरतं आणि गुडघा वाकला की दोरा तुटतो. शेवटचा एक नियम महत्त्वाचा आहे आणि नेहमी मोडला जातो, तो म्हणजे दुरुस्तीचा दोरा कापडापेक्षा फार चिवट नसावा. मऊ सुती कापडात पॉलिएस्टरचा पक्का दोरा घातला तर तो स्वतः तुटत नाही, कापडच कापत जातो. मोज्याला किंवा लोकरीच्या कपड्याला भोक असेल तर ठिगळाऐवजी विणून भरणं बरं. आत नारळाची गुळगुळीत करवंटी किंवा छोटी वाटी पालथी धरून कापड तिच्यावर बसवायचं, एका दिशेने दोरे पसरायचे आणि दुसऱ्या दिशेने एक सोडून एक ओवत जायचं, खाट विणतात तसं. यात कुठेही सजावटीचा विचार केलेला नाही, फक्त मजबुतीचा केला आहे. पण समान अंतरावरच्या ओळी, एका ओळीचा टाका दुसऱ्या ओळीच्या फटीसमोर येणं, दोऱ्याचा वेगळा रंग, हे सगळं एकत्र आलं की कापडावर नक्षी उभी राहिलेलीच असते. ती कोणत्या रंगाची, चौकोनी की लाटेसारखी, एवढंच ठरवायचं उरतं. घरच्या दुरुस्तीतली सर्जनशीलता नेमकी इथे आहे, आणि ती कुणालाही जमण्यासारखी आहे.

जपानच्या उत्तरेकडच्या इतिहासात याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मिळतो. होन्शू बेटाचं टोक, आजचा आओमोरी प्रांत, कडाक्याच्या थंडीचा. तिथे कापूस पिकत नाही. एदो काळात त्सुगारूच्या सरंजामी राज्यात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला मनाई होती, म्हणून त्यांना हेम्पच्या तंतूंच्या विरळ विणीच्या कापडावर दिवस काढावे लागत. त्या विणीच्या फटींतून वारा आत शिरे. बायकांनी निळ्या कापडाच्या फटी दोऱ्यांनी भरून काढायला सुरुवात केली, खांद्यावर आणि पाठीवर जास्त, कारण ओझं तिथेच घासे. धागे मोजून टाका घालावा लागत असल्याने त्यातून शंकरपाळ्यांसारख्या काटेकोर आकृत्या तयार झाल्या. या कामाला कोगिन म्हणतात. जपानी लोककला चळवळीचे प्रवर्तक यानागी सोएत्सू यांनी विसाव्या शतकात त्याचं सौंदर्य जगापुढे मांडलं. ठिगळावर ठिगळ चढत गेलेल्या कपड्यांना आणि पांघरुणांना बोरो म्हणतात. तानाका चुझाबुरो या संशोधकाने आओमोरीच्या खेड्यांतून ती आयुष्यभर जमवली आणि ती २००९ ते २०१९ या काळात टोकियोतल्या असाकुसा भागातल्या एका संग्रहालयात मांडलेली होती. या वस्त्रांत एकही टाका दाखवण्यासाठी घातलेला नव्हता आणि लपवण्यासाठीही नव्हता. ऊब आणि बळकटी या दोनच गोष्टी साधायच्या होत्या, आणि हात रोज तेच करत असल्याने त्याला आपोआप लय आली.

आपल्याकडेही हेच घडलेलं आहे. नऊवारी लुगडं मध्यभागी आधी विरतं, कारण कासोट्याचा आणि बसण्या-उठण्याचा ताण तिथे येतो, पदर आणि निऱ्यांची टोकं मात्र धड राहतात. मग विरलेला भाग काढून टाकून दोन लुगड्यांचे चांगले भाग एकमेकांना जोडत. याला दंड घालणं म्हणत. जोड दोन वेगळ्या रंगांचा असला तरी दंडाचं लुगडं नेसून बाई शेतावर, बाजाराला जात असे. तेही संपलं की लुगड्याचे थर एकावर एक टाकून गोधडी होई, आणि गोधडीच्या कडेपासून आत वळत जाणारा धावदोरा हाच तिचा सांगाडा आणि तोच तिचा शृंगार. बंगालच्या कांथेत जुन्या साड्यांच्या काठांतून सोडवलेले रंगीत दोरे वापरत, म्हणजे दोराही विकत आणायचा नसे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. पोर्तुगीज अंमलात गुलाम म्हणून गोव्यात आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज हा या समाजाचा एक मोठा भाग. त्यांची शिलाईही कडेकडून मध्याकडे जाते, आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ बसवल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. अगदी मागे जायचं तर बौद्ध विनयग्रंथातल्या महावग्गात भिक्षूंच्या चीवराचा नमुना आनंदाने मगधातल्या बांधबंदिस्तीच्या शेतांवरून तयार केल्याची कथा आहे. तुकडे जोडूनच चीवर करायचं होतं, म्हणून जोडांनाच शेताच्या बांधांसारखं रूप दिलं. भूगोल वेगळे, काळ वेगळे, पण जिथे जोड लपवायची सक्ती नव्हती तिथे लोकांनी तो नीट आखून घेतला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ठिगळ ही ज्यांच्यावर लादलेली गोष्ट होती त्यांना तिचं कौतुक सांगायचा अधिकार कुणाला? बोरो वस्त्रांचीच गोष्ट घ्या. देशात सुबत्ता आल्यावर अनेक घरांना ती आपल्या दारिद्र्याची खूण वाटू लागली, ती जाळली गेली, फेकली गेली. आपल्याकडे तर कपड्याला जातीची मोहोर होती. कुणी काय नेसावं, कसं नेसावं, कुणाचं उतरलेलं वापरावं, हे गावाने ठरवलेलं असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की राहणी स्वच्छ ठेवा, अस्पृश्यतेच्या खुणा अंगावरून काढा, आणि वस्त्राला ठिगळं असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असलं पाहिजे. अपमान नेमका कशात आहे हे त्यांनी तिथे अचूक वेगळं केलं होतं. लादलेल्या खुणांत तो होता, ठिगळात नव्हता. तरीही ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं जुनं नेसलं, त्यांच्यासाठी कोरा कपडा ही आत्मसन्मानाची कमाई आहे, आणि त्यांना ठिगळाचे धडे द्यायला जाऊ नये. दिसणाऱ्या दुरुस्तीचा आग्रह धरायचा तो ज्यांच्याकडे कपाट भरून कपडे आहेत त्यांनी, स्वतःपुरता, स्वतःच्या कपड्यावर. कारखान्यात मुद्दाम फाडलेली जीन्स याहून वेगळी आहे, कारण तिच्यात गरिबीचं रूप विकत घेतलं जातं आणि कापडाचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. दुरुस्त केलेल्या जीन्सचं आयुष्य वाढतं. लांबून दोन्ही सारख्या दिसल्या तरी हा फरक मोठा आहे.

सक्तीने केलेली दुरुस्ती टिकत नाही, याचं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये मिळतं. १ जून १९४१ रोजी तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते १९४९ पर्यंत चाललं. १९४३ मध्ये सरकारने ‘आहे त्यात भागवा, फाटलं ते सांधा’ अशा आशयाची पुस्तिका काढली, शिवणाचे वर्ग भरवले. लोक शिकले, कारण कूपन संपलं की दुकान बंद होतं. पण टंचाई सरली तसा घरी दुरुस्त करण्याचा तो रिवाजही हळूहळू मागे पडत गेला. माझ्या मते यात दोष लोकांचा नव्हता. कर्तव्य म्हणून शिकवलेल्या गोष्टीला कर्तव्य संपल्यावर आधार उरत नाही. ज्या दुरुस्तीत करणाऱ्याला निवड करायला मिळते, जी पाहून मुलगा ‘माझ्या कोपरावर मासा काढ’ म्हणतो, तिला टंचाईची गरज नसते. म्हणून सर्जनशीलतेचा भाग हा वरचा साज समजू नये, दुरुस्ती चालू राहण्याचं ते कारण आहे.

‘नवा टी-शर्ट रस्त्यावर एवढा स्वस्त मिळतो, त्यात दोन तास कोण घालवणार?’ हा सगळ्यांत नेहमीचा प्रश्न. हिशेब म्हणून तो बरोबर आहे, आणि तो फक्त आपल्याकडेच पडत नाही. फ्रान्समध्ये नवं घेण्यापेक्षा दुरुस्तीची मजुरी महाग पडू लागली, तेव्हा २०२३ च्या अखेरीस कपडे आणि पादत्राणांच्या दुरुस्तीवर कामानुसार सुमारे ६ ते २५ युरोंची सूट सुरू करण्यात आली, आणि तिचा पैसा उत्पादकांकडून जमवलेल्या निधीतून दिला जातो. आपल्या गल्लीत अजून जिन्याखाली मशिन मांडून बसलेला अल्टरवाला आहे, हे आपलं भाग्यच. ज्याला वेळ नाही त्याने त्याच्याकडे जावं, यात काहीही कमीपणा नाही. पण दोन तासांचा हिशेबही लपवण्याच्या अटीमुळे फुगतो. दिसणाऱ्या धावदोऱ्याने कोपरावरचं ठिगळ बसवायला एक संध्याकाळ पुरते, गप्पा मारताना किंवा बातम्या ऐकताना ते होतं, आणि विरलेली जागा भोक पडण्याआधीच पकडली तर अर्धा तासही लागत नाही. पूर्वी शर्टाची कॉलर घासली की शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवत असे. झीज लवकर ओळखली की काम किती कमी होतं याचं ते उत्तम उदाहरण आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न मोठ्या प्रमाणाचा. आभाळच फाटलंय, तिथे एका गुडघ्याला ठिगळ लावून काय होणार? आधी एका आकड्याबद्दल सावध राहू. एका सुती टी-शर्टामागे २,७०० लिटर पाणी लागतं असं सर्रास सांगितलं जातं. तो जागतिक सरासरीचा अंदाज आहे. विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, पावसाच्या पाण्यावर येतो. त्याच्या बाबतीत पाण्याइतकाच खत, कीटकनाशकं आणि शेतकऱ्याची मेहनत यांचा हिशेब मांडावा लागेल. जास्त भरवशाचं आहे ते एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालातलं निरीक्षण. आधीच्या १५ वर्षांत, टाकून देण्याआधी कपडा किती वेळा घातला जातो ते प्रमाण जगभरात सुमारे ३६ टक्क्यांनी घसरलं, आणि कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यात परत येतो. पानिपतच्या गिरण्यांत लोकरीच्या चिंध्यांपासून ब्लँकेटं होतात, ते मोलाचं काम आहे, पण पिंजून काढलेल्या तंतूंची लांबी घटते आणि धागा पहिल्याइतका दमदार राहत नाही. बोहारणीने नेलेला कपडाही पुढे कुणीतरी वापरण्याजोगा असेल तरच विकला जातो. म्हणजे कपडा कपडा म्हणून जगतो तो काळ वाढवणं हाच सगळ्यांत कमी खर्चाचा उपाय उरतो, आणि तो घरात करता येतो. एका घराने केल्याने उद्योग बदलणार नाही हे खरं. पण दुरुस्त केलेला कपडा नव्याची जागा घेतो का, की आपण दोन्ही घालतो, हा खरा प्रश्न आहे. ज्या कपड्यावर आपला हात फिरला तो टाकवत नाही, म्हणून तो जास्त घातला जातो, असं मला वाटतं.

सगळंच दुरुस्त होत नाही हेही मान्य करायला हवं. जुनी रेशमी साडी घड्यांवर चिरली की तिचा तंतूच ठिसूळ झालेला असतो आणि टाका धरायला जागाच राहत नाही. मुलाखतीला घालायच्या पँटला किंवा लग्नातल्या शालूला रफूगरच हवा. होजिअरीचा टी-शर्ट फासांत गुंफलेल्या धाग्याचा असतो. एक फास तुटला की सरसर खाली उसवत जातो, त्याला मागून होजिअरीचंच ठिगळ, गोल टोकाची सुई आणि सैल टाका लागतो. आणि स्वस्तातला पातळ मिश्र कापडाचा कुर्ता दुसऱ्या धुण्यातच गोळे धरतो, त्यावर कितीही प्रेमाने काम केलं तरी खालचं कापड साथ देत नाही. हा आक्षेप दुरुस्तीवर नसून खरेदीवर आहे, आणि त्याचं उत्तरही तिथेच शोधावं लागतं. ज्याने दोन-तीन कपडे स्वतः सांधले तो दुकानात कपडा उलटा करून पाहायला लागतो. शिवणीत माया किती सोडली आहे, की ओव्हरलॉकने काठोकाठ कापून टाकली आहे. उजेडासमोर धरल्यावर वीण दाट दिसते की जाळीसारखी. बाहीच्या मुळाशी टीप दुहेरी आहे का, खिशाच्या कोपऱ्यांना पक्की गाठ आहे का, आत जादा बटण शिवलेलं आहे का. किंमत आणि रंग हे प्रश्न त्यानंतर येतात, आणि अनेकदा तो कपडा हँगरवर परत जातो.